“एक पैसा लागणार नाही, फक्त पासपोर्ट दे”

मी बोलतेय आणि माझी मुलगी हे टाईप करतेय. माझं शिक्षण आठवीपर्यंत. हे आधीच सांगते, कारण पुढचं सगळं त्यामुळेच घडलं.

2023 साली मी कल्याणला चार घरी पोळ्या करत होते. महिन्याला सगळे मिळून 11 हजार यायचे, त्यातले साडेचार खोलीच्या भाड्यात जायचे. नवरा जाऊन तीन वर्षं झाली होती. आमच्या भिशीत एक बाई होती, तिला सगळ्या मावशी म्हणायच्या. नवऱ्याच्या तेराव्याला माझ्या घरचा स्वयंपाक तिनेच सांभाळला होता. ती म्हणाली, दुबईत एक गुजराती कुटुंब आहे, म्हातारीला सांभाळायचं, महिना 30 हजार, राहणं-खाणं त्यांच्याकडेच. “तुझा एक पैसा लागणार नाही, फक्त पासपोर्ट दे.”

मी फसले ती याच बोलण्याला. पैसे मागितले असते तर मी भावाकडे उसने मागायला गेले असते आणि त्याने दहा प्रश्न विचारले असते. पैसेच द्यायचे नाहीत तर फसवणार कशात, असं वाटलं. आपल्याकडून कुणी काही घेत नाही, तेव्हा आपले पैसे दुसरं कुणीतरी मोजतंय, हे मला फार उशिरा कळलं.

व्हिसाचा कागद तिने प्लास्टिकच्या पाकिटात घालून दिला. म्हणाली, “निघेपर्यंत कुणाला दाखवू नको, नजर लागते.” मी तो पेटीत साडीच्या घडीत ठेवला. मुलगी तेव्हा सातवीत होती. कागदावर ठळक अक्षरांत इंग्रजीत ‘टूरिस्ट’ छापलेलं होतं. तिने एका नजरेत वाचलं असतं. तो तिच्या हातात कधी दिलाच नाही.

मुंबई विमानतळावर काय बोलायचं ते माझ्याकडून घोकून घेतलं होतं. बहीण शारजाला असते, 15 दिवस फिरायला चाललेय. परतीचं तिकीटही हातात दिलं होतं, ते नुसतं दाखवायला. काउंटरवरच्या साहेबांनी माझ्या हातांकडे बघितलं, मग तोंडाकडे. “नक्की फिरायलाच ना?” दोनदा विचारलं. दोन्ही वेळा मी हो म्हणाले. त्या माणसाने मला परत फिरायची वाट दिली होती आणि ती मी माझ्या तोंडाने बंद केली. ते आठवलं की अजून रात्री झोप लागत नाही.

हे नाटक कशासाठी, ते मला नंतर समजलं. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ असतं. अशा माणसाला आखातातल्या देशांत कामाला जायचं तर सरकारची एमिग्रेशन परवानगी (देशाबाहेर कामाला जायची मंजुरी) लागते. बाई घरकामाला जाणार असेल तर वय 30 च्या वर हवं. आणि 2016 पासून आमच्यासारख्या बायकांची भरती खासगी एजंटला करताच येत नाही, काही राज्यांच्या सरकारी भरती संस्थांनाच ती मुभा आहे. फिरायला जाणाऱ्याला मात्र यातलं काहीच लागत नाही. त्या फटीतून मला बाहेर काढलं होतं.

शारजाला उतरल्यावर म्हातारी नाही, गुजराती कुटुंब नाही. अजमानमध्ये एका खोलीत नेलं. अकरा बायका, जमिनीवर गाद्या, बाहेरून कडी. एक गोव्याची, दोघी-तिघी आंध्रच्या, एक पंजाबची, तिचं बाळ घरी अंगावर पिणारं. पासपोर्ट ‘शिक्का मारायला’ म्हणून काढून घेतले. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकं यायला लागली. गिऱ्हाइकंच म्हणते, दुसरा शब्द नाही. आम्हाला भिंतीशी उभं केलं. एका बाईने माझे तळहात उलटे करून पाहिले, दात दाखवायला सांगितले. बैलबाजारात माझे वडील असेच दात बघायचे.

तिसऱ्या रात्री गाडीत घालून ओमानमध्ये नेलं. मस्कतला अरबीतल्या कागदावर अंगठा घेतला. मला सही करता येते, मी सांगितलंही. कुणी ऐकलं नाही.

घर तीन मजली, माणसं तेरा. पहाटे पाच ते रात्री एक. त्याबद्दल जास्त सांगत नाही. सात महिन्यांत पगार दोनदा मिळाला. फोन पहिल्याच दिवशी घेतला होता. घरी जायचं म्हणाले तेव्हा मालकीण म्हणाली, तुझे 1,100 रियाल भरलेत, ते टाक आणि जा. तेव्हा एका रियालचे दोनशेच्या वर रुपये होत होते. मी मनातल्या मनात हिशेब केला आणि खाली बसले.

सुटले ती पाठ असलेल्या दहा आकड्यांमुळे. रात्री कचरा टाकायला कोपऱ्यावर जायचे, तिथे शेजारच्या घरचा मल्याळी ड्रायव्हर भेटायचा. त्याच्या फोनवरून भावाला दोन मिनिटांचा आवाजी मेसेज पाठवला. भावाने परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर तक्रार टाकली. एका शुक्रवारी पहाटे, सगळे झोपेत असताना, मी नुसत्या अंगावरच्या कपड्यांनिशी निघाले आणि टॅक्सीने अल खुवैरला आपला दूतावास गाठला. भाडं त्या ड्रायव्हरने दिलं. मालकाने मी पळून गेल्याची तक्रार केलेली होती, त्यामुळे घरी यायला आणखी 40 दिवस गेले. तिकीट दूतावासाने काढून दिलं. अडलेल्या भारतीयांसाठी त्यांच्याकडे कल्याण निधी असतो.

परत आल्यावर चौकीत ऐकायला मिळालं, “राजीखुशीने गेलीस ना, मग गुन्हा कसला?” मी तशीच घरी आले. पुढे एका वकील ताईंनी सांगितलं की भारतीय दंड संहितेतल्या मानवी तस्करीच्या कलम 370 मध्ये स्पष्ट लिहिलंय, पीडितेची संमती होती की नाही याला अर्थ नाही. (1 जुलै 2024 पासूनच्या गुन्ह्यांना तेच नव्या भारतीय न्याय संहितेत कलम 143 म्हणून लागतं.) ताई सोबत आल्या तेव्हा कुठे तक्रार लिहून घेतली. शेजारीपाजारी अजून कुजबुजतात, तिकडे काय काय केलं असेल म्हणून. माझ्या मुलीने ते शाळेत ऐकलंय. बायका गप्प राहतात त्या याला घाबरून, आणि एजंटांना तेच हवं असतं.

बायांनो, जायचंच असेल तर कागद घरातल्या शिकलेल्या पोराकडून वाचून घ्या. एजंटचं नाव सरकारच्या ‘ई-मायग्रेट’ वेबसाइटवर आहे का ते बघा. नोंदणी असलेल्या एजंटलाही 30 हजार आणि त्यावरचा जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाही. शंका आली तर प्रवासी भारतीय सहायता केंद्राच्या 1800 11 3090 या फुकट नंबरवर विचारा. विमानतळावर खोटं बोलायला शिकवलं, तर तिथल्या तिथे खरं सांगून टाका. आणि घरचा एक नंबर पाठ करा, फोनमध्ये असून उपयोग नाही.

मावशी आता इथे राहत नाही. पण गेल्या महिन्यात कळलं की भिशीतली एकजण कुवेतला निघालीय, तिचाही एक पैसा लागणार नाही. मी मुलीला घेऊन तिच्या घरी गेले. कागद मागितला. आधी नाही म्हणाली, मग पिठाच्या डब्याखालून काढून दिला. मुलीने तो दिव्याखाली धरला आणि मोठ्याने वाचायला लागली. तिसऱ्या ओळीत ‘व्हिजिट’ आलं तशी ती बाई पोळपाट बाजूला सारून आमच्याजवळ येऊन बसली.