घरी येऊन व्हिटॅमिन डी टेस्ट, टिळकवाडी
आईची सर्दी-खोकला पावसाळाभर सुटेना, आपल्या बेळगावात तेव्हा ऊन कुठलं, म्हणून डॉक्टरांनी डी टेस्ट करायला सांगितली. लॅबचा पोरगा सकाळी घरी आला, "दुखलं काय काकू" विचारत अगदी हळू सुई घातली, लई बरं वाटलं. रिपोर्ट मात्र एक दिवस उशिरा, फोनही उचलेनात. आकडा 11 (ng/mL), म्हणजे 20 च्या खाली, कमीच. पण काउंटरवर "डी घेतलं की खोकला जातोय" सांगतात ते चूक आहे, 2017 च्या 25 ट्रायल्सच्या अभ्यासात सर्दी-खोकला टाळायला थोडा फायदा दिसलेला, 2025 च्या मोठ्या आकडेवारीत तो ठळक राहिला नाही. हाडांसाठी घ्याच, 60,000 युनिटचा साशे आठवड्याला एकच, तोही डॉक्टरना विचारून, आणि दम लागत असेल तर आधी छातीच्या डॉक्टरकडे जावा.