खान्देशच्या उन्हासाठी डे-लिली: 'स्टेला द ओरो' की 'जोन सीनियर'?

जळगाव-धुळ्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि थंडी मात्र बेताचीच पडते. त्यामुळे डे-लिलीचा वाण निवडताना फुलाच्या रंगाइतकाच रोपाचा स्वभावही पाहावा लागतो. १९७५ साली नोंदणी झालेली 'स्टेला द ओरो' जेमतेम फूटभर उंचीची, लहान सोनेरी फुलांची आणि पुन्हा पुन्हा बहरणारी असून वाफ्याच्या कडेला फार शोभते. परंतु ती हिवाळ्यात पाने सुकवून विश्रांती घेणाऱ्या गटातील आहे आणि पुरेशी थंडी न मिळाल्यास अशा वाणांचा जोर काही वर्षांत ओसरण्याची शक्यता असते. 'जोन सीनियर' सदाहरित आहे: दोन फुटांच्या दांड्यावर सुमारे सहा इंचांचे, जवळजवळ पांढरे फूल आणि गळ्याशी पोपटी छटा. आपल्याकडे माझी पसंती निःसंशय हिलाच आहे. 'स्टेला' कुंडीत हौसेने लावावी.

दोन्हींचे फूल एकच दिवसाचे असते. सकाळी ताठ उमललेल्या पाकळ्या रात्रीपर्यंत लिबलिबीत होऊन मिटतात. म्हणून रोप घेताना दांड्यावरील कळ्या अवश्य मोजाव्यात. काळ्या जमिनीत पावसाचे पाणी साचते, तेव्हा भरपूर शेणखत घालून उंच वाफा करावा आणि उन्हाळ्यात दुपारची सावली द्यावी.