पाटील थाळी खाऊन आले, भाकरीला पैकीच्या पैकी

रविवारी आम्ही पाच जण पुण्याबाहेर हायवेला एका गावरान हॉटेलात जेवलो. नाव लिहीत नाही कारण जे खटकलं ते फक्त त्यांच्याकडेच आहे असं नाही.

आधी चव. ज्वारीची भाकरी एक नंबर! थापलेली, पापुद्रा सुटलेला, आणि पीठ ताजं होतं, जुनं असलं की कडवट लागतं आणि विरी म्हणजे पिठाचा चिकटपणा जातो, ते पहिल्या घासातच कळतं. खरडा मिक्सरचा होता पण चालून जातो. सुक्कं मटण ठीक, रस्सा पाणचट.

आता मेनू. मावळा थाळी, सरदार थाळी, पाटील थाळी. जितका हुद्दा मोठा तितक्या वाट्या जास्त. पाटील थाळी ४५० ला, त्यात दोन भाकऱ्या, तिसरी घेतली की ४० रुपये आणि चपाती २० ला. वजडी (बोकडाची आतडी) फ्राय 'स्पेशल' मध्ये, वेगळे पैसे.

आम्ही बार्शीकडचे. घरी चपाती म्हणजे सणाला नाहीतर पाहुणे आले तर. शाळेत डब्यात भाकरी असली की मी झाकण अर्धंच उघडायचे, कारण डबा बघून कोण कुठल्या घरचं ते सगळ्यांना कळायचं. १९७२ च्या दुष्काळात आजी खडी फोडायला जायची, तिथं सुकडी मिळायची आणि रेशनला अमेरिकेची लाल मिलो ज्वारी, तिची भाकरी घशाखाली उतरायची नाही म्हणायची. एरवी पाटलाच्या वाड्यावर काम, पण जेवायला बसायचं अंगणात, भाकरी वरून हातात टाकणार आणि चहाचा कप वेगळा, गोठ्याच्या कोनाड्यात ठेवलेला, तो आपला आपणच धुवायचा. १९९५ ला सरकारने एक रुपयात झुणका-भाकर सुरू केली तेव्हासुद्धा ते गरिबाचं जेवण म्हणूनच केलं होतं ना. मग ठेचा, भाकरी, वजडी हे रानात राबणाऱ्यांचं खाणं पितळी ताटात आलं की लगेच पाटलाचं कसं काय होतं? मला ते नाव वाचून घास गिळवेना, खरंच सांगते. मालकांना बिल देताना बोलले, साधं 'भाकरी थाळी' लिहा, भाकरी एवढी चांगली आहे की लोक तरीही येतील. ते बघतो म्हणाले.

पार्किंग भरपूर, स्वच्छता चांगली, वेटिंग पाऊण तास. रस्सा सोडून जेवणाला पाचपैकी चार.

काचेमागे भाकऱ्या थापणाऱ्या मावशींना मुद्दाम भेटले, भाकरी छान झाली म्हणून सांगायला. मोहोळच्या निघाल्या. तुम्ही जेवलात का विचारलं तर म्हणाल्या, डबा आणलाय की, चपाती-भाजी. ज्वारी कुठं परवडतीय बाई, रेशनला गहू मिळतो.