मेटल डिटेक्टर 'अपग्रेड' करायला गेलो आणि ४८० पौंड घालवून बसलो

सांगायला लाज वाटते, कारण मी आयटीत आहे आणि 'अनोळखी लिंकवर क्लिक करू नका' असं घरात सगळ्यांना मीच बजावत असतो. तरी लिहितोय. इंग्लंडात राहणाऱ्या आपल्यातल्या तिघाचौघांना शेतात मेटल डिटेक्टर फिरवायचा हा नाद माझ्यामुळे लागला आणि त्यातले दोघं आता 'मोठं मशीन' घ्यायच्या गोष्टी करतायत.

मी पीटरबरोजवळ राहतो. दीड वर्षापूर्वी १८० पौंडांचा साधा डिटेक्टर घेतला, ओळखीतून एका शेतकऱ्याची परवानगी मिळाली आणि रविवारची सकाळ शेतात जायला लागली. पीक निघाल्यावर, नांगरट व्हायच्या आत, धसकटांतून कॉइल, म्हणजे दांड्याच्या टोकाची धातू हुडकणारी चकती, फिरवत चालायचं. साताऱ्याचे काका फोनवर दर वेळी एकच विचारतात, "काय रं, हंडा गावला का?" हंडा नाही गावला. गावली ती बटणं, जुन्या बंदुकांच्या शिशाच्या गोळ्या, व्हिक्टोरिया राणीच्या झिजलेल्या पेन्या आणि पिशवीभर कॅनच्या रिंगा. क्लबातल्या लोकांना मात्र आसपासच्याच शेतांत मध्ययुगातली चांदीची नाणी मिळत होती. हातोडीने पाडलेली, नखाएवढी, कागदासारखी पातळ. इथले लोक त्यांना नुसतं 'हॅमर्ड' म्हणतात. मला एकही नाही. मग मी ठरवून टाकलं की दोष मशीनचा.

अर्धा होताही. माझं मशीन एकाच, त्यातही कमी फ्रिक्वेन्सीवर चालतं. मोठ्या, चांगल्या वाहक धातूला ती मानवते. पातळ, बारीक नाण्याचा आवाज पकडायला जास्त फ्रिक्वेन्सी लागते, आणि एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी सोडणारी मशीनं दोन्ही सांभाळतात. समुद्रकाठच्या ओल्या खाऱ्या वाळूतही ती उगाच कटकट करत नाहीत. पण उरलेला अर्धा दोष माझ्या हातात होता. मी कॉइल जमिनीपासून चांगली चार बोटं वर धरून झोकात फिरवायचो. जमिनीखाली जायची तेवढी खोली हवेतच संपत होती! स्टॅफर्डशायरचा तो अँग्लो-सॅक्सन सोन्याचा साठा, ज्याची किंमत पुढे ३२ लाख ८५ हजार पौंड ठरली, तो २००९ मध्ये एका जुन्यापुराण्या मशीननेच शोधला होता. हे मला माहीत होतं, पण पैसे गेल्यावर आठवलं.

जाहिरात एका खरेदी-विक्रीच्या ग्रुपवर दिसली. नामांकित कंपनीचं मल्टी-फ्रिक्वेन्सी मॉडेल, 'तीनदाच वापरलेलं', ४९० पौंड. दुकानात तेच साडेसातशेच्या घरात. फोटोत हिरव्या चौकड्यांचा टेबलक्लॉथ, त्यावर मशीन, कोपऱ्यात अर्धा भरलेला चहाचा मग. विकणारा म्हणाला, पाठीचं ऑपरेशन झालंय, आता वाकून खणणं जमत नाही. मग गप्पा सुरू. माझी जमीन कशी आहे, आतापर्यंत काय काय मिळालं, काय मिळत नाही. मी भाबडेपणाने सगळं सांगितलं. पुढचा मेसेज अगदी माझ्या मापाचा शिवून आला: 'तुझ्या मातीला हेच मशीन. मी याने १५ इंचांवरचं हॅमर्ड काढलंय.'

तिथेच फोन खाली ठेवायला हवा होता. नखाएवढं नाणं १५ इंचांवर कोणतंच असं मशीन धरत नाही. माती चांगली असेल, हात सरावलेला असेल, तर सहा-सात इंच म्हणजे खूप झालं. पण मला तेच ऐकायचं होतं. आणि 'उद्या एक जण बघायला येतोय' हेही त्याने वेळेवर सांगितलं. मी येऊ का म्हटलं, तर तो स्कॉटलंडच्या पार वरच्या टोकाला राहत होता.

पैसे ऑनलाइन पाठवताना 'मित्र किंवा नातेवाईक' हा पर्याय निवड म्हणाला, म्हणजे फी वाचेल, तेवढे १० पौंड तुला कमी करतो. माझे ४८० गेले ते या १० पौंडांपायी. मित्राला दिलेल्या पैशांना खरेदीदाराचं संरक्षण नसतं. तेच दुकानातून क्रेडिट कार्डावर घेतलं असतं, तर १९७४ च्या कन्झ्युमर क्रेडिट ॲक्टच्या कलम ७५ नुसार १०० पौंडांवरच्या वस्तूसाठी कार्ड कंपनीही दुकानदाराइतकीच जबाबदार धरता येते.

चौथ्या दिवशी खोकं आलं. हो, आलं. म्हणजे 'माल पोचला' याची नोंदही झाली. बाहेरून सगळं झकास. परसात जुनी ब्राँझची पेनी पाच इंचांवर पुरली. आधी जुनं मशीन फिरवलं, त्याने स्वच्छ आवाज दिला. मग नवं. ते एकदा घशात काहीतरी अडकल्यासारखं खरखरलं आणि गप्प. शेजारी पडलेल्या गंजक्या खिळ्यावर मात्र, धातू ओळखायला स्क्रीनवर जो आकडा येतो तो चांदीच्या नाण्याचा दाखवत, ठणठणीत वाजलं.

क्लबातल्या एका आजोबांकडे घेऊन गेलो. त्यांनी ते चालूसुद्धा केलं नाही. हातात तोललं, कॉइलची वायर बोटांनी वाकवली. ती कपडे वाळत घालायच्या प्लॅस्टिकच्या दोरीसारखी ताठ. मग कंट्रोल बॉक्सच्या जोडावरून नख फिरवलं, तर प्लॅस्टिकची कड हाताला लागत होती. चार्जिंगच्या जागेवरचं रबरी झाकण त्यांच्या चिमटीतच निघून आलं. "ओह डिअर," एवढंच म्हणाले. अधिकृत विक्रेत्याने सीरियल नंबर कंपनीला विचारला, तर तो भलत्याच देशात विकलेल्या मशीनचा निघाला. पैसे द्यायच्या आधी त्या स्टिकरचा फोटो मागवून हेच विचारलं असतं, तर एका ईमेलचं काम होतं.

तोवर त्या माणसाचं खातं गायब. पोलिसांकडे तक्रार केली, नंबर मिळाला, पुढे काही नाही. याच देशात जेम्स मॅककॉर्मिक नावाच्या एका ठगाने गोल्फचे चेंडू शोधायच्या खेळण्यावरून बेतलेली यंत्रं 'बॉम्बशोधक' म्हणून इराकला विकली होती. २०१३ मध्ये त्याला १० वर्षांची शिक्षा झाली. सरकारं फसतात तिथे मी कोण, असं बायकोला म्हणून पाहिलं. तिला ते पटलं नाही.

सध्या जुनंच मशीन वापरतोय, कॉइल जमिनीला घासत. आजोबांचं म्हणणं, अजून वर्षभर तरी याच्यावरच हात बसव. नंतर घ्यायचंच झालं तर अधिकृत दुकानातलं वापरलेलं, वॉरंटीसह घे. नाहीतर विकणाऱ्याला त्याच्याच शेतात भेट आणि तुझं नाणं पुरून बघ.

गेल्या आठवड्यात दुसऱ्या एका ग्रुपवर तेच मशीन दिसलं. नाव वेगळं, आता पाठीऐवजी गुडघ्याचं ऑपरेशन, किंमत ४५०. खाली मी 'नकली आहे, घेऊ नका' असं लिहिलं, तर पाच मिनिटांत मलाच ब्लॉक केलं. टेबलक्लॉथ मात्र तोच हिरव्या चौकड्यांचा, आणि मगात चहाही तेवढाच.