अर्थशास्त्राची पदवी: मुंबईतले बी.ए. की अमेरिकेतले लिबरल आर्ट्स महाविद्यालय?

बारावीनंतर अर्थशास्त्रच शिकायचे असे ज्यांचे ठरले आहे, त्यांच्यापुढे हल्ली दोन वाटा वारंवार येतात. एक म्हणजे मुंबईतल्या नावाजलेल्या महाविद्यालयातले बी.ए. आणि दुसरी म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या लहान, निवासी लिबरल आर्ट्स महाविद्यालयातली, म्हणजे विज्ञानापासून कलेपर्यंत अनेक विषय शिकवून त्यांतला एक मुख्य म्हणून निवडू देणाऱ्या पदवी महाविद्यालयातली चार वर्षे. मी दुसऱ्या वाटेने गेलो, माझा मावसभाऊ पहिल्या. आपल्याकडचे सत्र तिकडच्यापेक्षा लवकर सुरू होत असल्यामुळे ऑगस्टपर्यंत मीही त्याच्याच वर्गात बसत होतो. पुढचे सारे लिहिणे त्या आठवड्यांवर, त्याच्या वह्यांवर आणि माझ्या तिकडच्या अनुभवावर बेतलेले आहे. ते मोजमाप नव्हे, एवढे ध्यानात ठेवावे.

शिकवण्याच्या दर्जाबद्दल प्रथमच सांगतो की मुंबईतले प्राध्यापक कोणत्याही अर्थाने उणे नव्हते. भारतीय अर्थव्यवस्था, शेतमालाचे हमीभाव, रिझर्व्ह बँकेची पतनियंत्रणाची साधने हे विषय मावसभावाला जितके नेमके ठाऊक झाले, तितके मला आजही नाहीत, कारण आमच्या पाठ्यपुस्तकांत मध्यवर्ती बँक म्हणजे अमेरिकेची फेडरल रिझर्व्हच असे. शिवाय ज्या शहरात रिझर्व्ह बँक, शेअर बाजार आणि मुंबई विद्यापीठाचा कलिन्यातला अर्थशास्त्र विभाग लोकलच्या पासावर गाठता येतो, तिथे राहून हा विषय शिकण्याला महत्त्व आहेच. डॉ. आंबेडकरांनी १९१२ मध्ये एल्फिन्स्टनमधून अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र घेऊन बी.ए. केले आणि पुढच्याच वर्षी ते कोलंबिया विद्यापीठात गेले. पदवी इथे आणि पुढचे शिक्षण बाहेर, हा क्रम आजही अनेकांना मानवतो, आणि आर्थिकदृष्ट्या तोच अधिक शहाणपणाचा ठरण्याची शक्यता आहे.

तरीही माझा निर्णय झाला तो एका किरकोळ वाटणाऱ्या कटकटीमुळे. मला अर्थशास्त्राबरोबर गणित हवे होते. मुंबईतल्या आमच्या महाविद्यालयात नियमाची आडकाठी नव्हती, पण सूचनाफलकावरच्या वेळापत्रकात कला शाखेचा अर्थशास्त्राचा तास आणि विज्ञान शाखेचा गणिताचा तास एकाच वेळी लावलेले होते. कार्यालयाच्या खिडकीतल्या गृहस्थांनी अगदी आपुलकीने सांगितले, “हे कॉम्बिनेशन बसत नाही, इतिहास घ्या.” इतिहासाशी माझे वैर नाही, परंतु अर्थशास्त्र शिकणाऱ्याला गणित ऐच्छिक आणि तेही गैरसोयीचे असावे, ही गोष्ट मला तेव्हा खटकली आणि पुढे अधिकच खटकत गेली.

का, ते एका उदाहरणाने सांगतो. मावसभावाच्या वहीत ग्राहकाच्या समतोलाची सुरेख आकृती होती: पेन्सिलीने काढलेला इंडिफरन्स कर्व्ह (सारखेच समाधान देणाऱ्या जोड्यांची वक्ररेषा), पट्टीने आखलेली बजेट लाइन (खिशातल्या पैशांत बसणाऱ्या जोड्यांची रेषा), सर्वोत्तम निवड दाखवणारा स्पर्शबिंदू ठळक केलेला आणि खाली मुद्देसूद स्पष्टीकरण. त्या उत्तराला परीक्षेत भरघोस गुण मिळत. तीच कल्पना माझ्याकडे गृहपाठातल्या गणिताच्या रूपाने आली. आकडे आणि पदार्थ इथले घालतो. खिशात १२० रुपये आहेत, वडापाव २० रुपयांना आणि चहा १० रुपयांना मिळतो, आणि समाधान म्हणजे दोन्हींच्या नगांचा गुणाकार असे धरले, तर ३ वडापाव आणि ६ चहा हे उत्तर थोड्या खटपटीने कोणालाही काढता येईल. मात्र वडापाव ३० रुपयांचा झाला की वडापाव दोनवर येतात आणि चहा सहाच राहतात. चहा कमी का झाला नाही, हे मनाजोगत्या काढलेल्या आकृतीवरून उमगत नाही; कॅल्क्युलसने दोन ओळींत कळते की या गृहीतात प्रत्येक वस्तूवर निम्मा पैसाच खर्च होतो. माणसे खरोखर असे वागतात का, हा प्रश्न त्यानंतर सुचतो, आणि त्यासाठी इकॉनोमेट्रिक्स, म्हणजे आकडेवारीवरून आर्थिक सिद्धान्त तपासण्याचे शास्त्र लागते, जे तिथे अर्थशास्त्राच्या मेजरचा (मुख्य विषयाचा) अनिवार्य भाग होते.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर मुंबईतही मेजर-मायनरची (मुख्य आणि दुय्यम विषयाची) आणि चार वर्षांच्या ऑनर्सची रचना आली आहे, त्यामुळे गणित मायनर म्हणून मिळणे आता अधिक शक्य असावे. प्रवेश घेण्यापूर्वी माहितीपुस्तिकेवर न विसंबता प्रत्यक्ष वेळापत्रक पाहावे, एवढेच सुचवतो.

लिबरल आर्ट्स महाविद्यालयांतही उणिवा आहेत. विभाग लहान असल्याने एखादा प्रगत विषय वर्षाआड चालतो, आणि नेमका तुमच्या वर्षी नसतो. मेजर दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस जाहीर करायचे असते, तोवर प्रयोगशाळेसह एखादे विज्ञान आणि एखादी कला असे बरेच काही करावे लागते. मला ते आवडले, सर्वांना आवडेल असे नाही. दादरच्या नातेवाइकांना कॉलेजचे नाव शेवटपर्यंत कळले नाही. याउलट, बहुतेक ठिकाणी अर्थशास्त्राचे पीएच.डी.चे विद्यार्थी नसल्यामुळे प्राध्यापकांच्या संशोधनात आकडेवारी स्वच्छ करण्याचे काम आमच्यासारख्यांच्या वाट्याला येई, आणि विषय खऱ्या अर्थाने तिथेच मुरला. नोबेल मिळालेले अर्थतज्ज्ञ जोसेफ स्टिग्लिट्झ आणि एडवर्ड प्रेस्कॉट हे अशाच महाविद्यालयांचे, अनुक्रमे अ‍ॅमहर्स्टचे आणि स्वार्थमोरचे, विद्यार्थी. त्यातही प्रेस्कॉट यांची पदवी गणिताची, हे मला उगाचच दिलासा देणारे वाटते.

खर्चाचा प्रश्न मात्र निर्णायक आहे. तिकडच्या अनेक खासगी महाविद्यालयांचा राहण्या-जेवणासह वार्षिक खर्च ८० हजार डॉलरच्या पुढे गेला आहे, आणि पुरेशी मदत मिळत नसेल तर कर्ज काढून तिकडे जावे असे मी म्हणणार नाही. त्या परिस्थितीत मुंबईचे बी.ए. आणि सोबत स्वतंत्रपणे केलेले गणित हा मार्ग उत्तम. मदत मिळत असेल, तर माझा कल कुठे आहे हे एव्हाना लपलेले नाही. अ‍ॅमहर्स्टसारखी मोजकी महाविद्यालये परदेशी विद्यार्थ्याची निवड करताना त्याची ऐपत पाहत नाहीत, बाकीची बहुतेक पाहतात. अर्थसाहाय्याचा अर्ज प्रवेशअर्जाबरोबरच करावा, कारण तेव्हा न मागितलेली मदत परदेशी विद्यार्थ्याला पुढच्या वर्षांत मागू न देणारी महाविद्यालये पुष्कळ आहेत.