न्यू जर्सीचं रॅकूनप्रूफ दार आणि आमचा कांडेचोर

गेल्या चवथीला भाचा अमेरिकेहून आला, तेव्हा बॅगेतून माझ्यासाठी त्यानं काढलं ते कोंबड्यांच्या खुराड्याचं दार. ॲल्युमिनियमची सरकती झडप, तिच्यावर मोटर, उजेड ओळखणारा सेन्सर आणि चार पेन्सिल सेल. किंमत 130 डॉलर. खोक्यावर मुखवटा घातल्यासारख्या काळ्या डोळ्यांच्या जनावराचं चित्र आणि त्यावर लाल फुली. दहा महिने वापरून झालं, अर्धा पावसाळाही बघितला. तेव्हा आता लिहायला हरकत नाही.

आधी त्या चित्रातल्या जनावराबद्दल, कारण दार त्याच्यासाठी बनलंय. रॅकून मूळचा उत्तर अमेरिकेतला. आपल्या रानात तो नाही. भाचा न्यू जर्सीला परसात चार कोंबड्या पाळतो. त्यानं मला रात्रीच्या कॅमेऱ्यातला व्हिडिओ दाखवला. रॅकून मागच्या पायांवर उभा राहतो आणि पुढच्या पंजांनी कडी चाचपतो, अगदी अंधारात बटण शोधणाऱ्या माणसासारखा. साधी कडी तो सरकवतो, वर उचलायचं दार उचलतो, जाळीची भोकं मोठी असली तर हात घालून कोंबडीची मान बाहेर ओढतो. "दोन वर्षांच्या पोराला उघडता येईल ती कडी त्यालाही येते, मावशी," असं भाचा म्हणाला. म्हणून या दाराची झडप खाली आली की मोटरच्या दात्यांत अडकून राहते, बाहेरून कितीही उचला, हलत नाही. मी स्वतः उलथनं घालून बघितलं. उलथनं वाकलं.

आता आमच्याकडचे चोर. मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात राहते, वाळपईपासून थोडं आत. मागे कुळागर, म्हणजे माडा-पोफळींची बाग, त्यामागे रान. म्हादई अभयारण्य 1999 साली जाहीर झालं, पण जनावरांना ते कोणी कळवायची गरज नव्हती, ती आधीपासून इथेच होती. उदमांजर आणि जवादी मांजर या दोघांनाही आमच्या वाड्यावर कांडेचोरच म्हणतात. उदमांजर झाडावरचं, फणस-केळी खाणारं, माडाला लावलेल्या मडक्यातली सूर, म्हणजे माडीही पिणारं. ते येऊन गेलं की आंबेमोहोर शिजत असल्यासारखा वास रेंगाळतो. पहिल्यांदा मला वाटलं, शेजारी इतक्या रात्री भात कोण शिजवतंय! शिवाय मुंगूस, आर (म्हणजे अजगर), घोरपड, आणि अंड्यांसाठी येणारा नाग. यांतल्या एकालाही कडी उघडता येत नाही. त्यांना त्याची गरजही नाही.

तरी दाराचा फायदा झाला नाही असं म्हणणार नाही. शाळेतून निवृत्त झाल्यापासून माझ्या संध्याकाळी मोकळ्या असतील असा सगळ्यांचा समज आहे. प्रत्यक्षात कुठे भजन, कुठे बारसं, कुठे कोणाला दवाखान्यात न्यायचं. एकदा लग्नाहून परतायला रात्रीचे नऊ झाले. खुराडं उघडंच राहिलं होतं. दोन तलंगा गेल्या आणि खुडुक बसलेली कोंबडी अंड्यांसकट गेली. दार लावल्यापासून असं एकदाही झालं नाही. मी पणजीला असले तरी झडप आपली वेळेवर खाली येते. खाली येताना मध्ये कोंबडी आली तर थांबून परत वर जाते. माझ्या लंगड्या कोंबड्यानं याची परीक्षा तीनदा घेतली. या एका गोष्टीसाठी पाचपैकी पाच.

गडबड सेन्सरची. पावसाळ्यात ढग भरून आले की फणसाखाली चार वाजताच दिवेलागण होते. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात झडप दुपारी सव्वाचारला खाली आली, आणि बाहेर नऊ कोंबड्या भिजत उभ्या. मी घरात होते म्हणून निभावलं. बटण दाबून झडप वर घेतली, तर दहा मिनिटांनी परत खाली.

उपाय शेवटी घड्याळाचा निघाला, आणि तो का निघाला ते समजलं तेव्हा मला वर्गात भूगोल शिकवल्यासारखा आनंद झाला. न्यू जर्सीत डिसेंबरात सूर्य साडेचारच्या सुमाराला मावळतो आणि जूनमध्ये साडेआठला. चार तासांचा फरक. तिथे एकच वेळ लावून ठेवली तर वर्षभर चालणारच नाही, म्हणून त्यांना सेन्सर लागतो. आपल्याकडे हिवाळ्यात सहा, पावसाळ्यात सात, एवढाच काय तो फरक. मी सेन्सर बंद करून संध्याकाळी 7:20 आणि सकाळी 6:45 अशी वेळ लावली. त्यानंतर एकदाही हात लावावा लागला नाही. गोव्यात हे दार घेणार असाल तर पहिल्याच दिवशी हे करा. माहितीपत्रकात याचा एका ओळीचाही उल्लेख नाही.

पण खरी गोष्ट फेब्रुवारीतली. सकाळी गेले तर झडप घट्ट बंद, वर हिरवा दिवा लुकलुकतोय, सगळं कसं शाबूत. आणि झडपेपासून वीतभर अंतरावर जाळीला माझा हात जाईल एवढं भोक. एक कोंबडी गायब, एक मेलेली. खुराड्याच्या पुढच्या बाजूला मी षटकोनी भोकांची ती स्वस्त कोंबडीजाळी लावली होती. दोन पावसाळ्यांत खालच्या कडेला गंजून तिचा भुगा होत आला होता, कांडेचोरानं फक्त तोंड लावलं. शेजारचे काका बघायला आले. दाराभोवती दोन फेऱ्या मारून म्हणाले, "दार बरें आसा बाई, पूण चोर दारांतल्यान येना."

ती षटकोनी जाळी कोंबडी आत ठेवायला असते, जनावर बाहेर ठेवायला नव्हे. भाच्याला फोनवर सांगितलं तर म्हणतो, आमच्याकडे तर हे पहिलं वाक्य असतं. मग पहिलं वाक्य तू शेवटी का सांगतोस, बाबा?

मार्चमध्ये वाळपईतून अर्ध्या इंचाची वेल्डमेश, म्हणजे सांधे वेल्ड केलेल्या तारांची जाळी आणली, हातानं वाकवताना बोटं दुखतील अशी. वेल्डरनं लोखंडी पट्टीच्या चौकटी करून दिल्या. जाळी, पट्ट्या, रंग आणि मजुरी मिळून 6,800 रुपये झाले, म्हणजे त्या दाराच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त. खाली पुरायचं म्हटलं तर आमची जमीन चिऱ्याची, पहारसुद्धा उडते. म्हणून जाळीची एक फूट रुंद पट्टी खुराड्याबाहेर जमिनीवरच आडवी पसरली, भिंतीच्या जाळीला तारेनं शिवली आणि वर जुने चिरे ठेवले. मुंगूस उकरायला येतो तो नेमका भिंतीच्या बुडाशी. तिथे नखांना तार लागते. फूटभर मागे सरून तिथून उकरावं हे त्याला सुचत नाही. एप्रिलमध्ये ओरखडे दिसले, त्यापुढे काही नाही. ही युक्ती अमेरिकेतले लोकही वापरतात, रॅकूनसाठीच. पण वेल्डर म्हणाला, त्याच्या आजोबांनी सशांसाठी केली होती. असेल.

कौलांच्या खालची फट मी विसरले होते, तीही त्याच जाळीनं बंद केली. उदमांजर भिंतीपेक्षा छपराकडून यायचाच जास्त संभव.

आरीचा किस्सा थोडक्यात सांगते. डिसेंबरात एक आर दिवसाउजेडी आत शिरून अंड्यांच्या टोपलीमागे वेटोळं घालून बसली असावी. संध्याकाळी कोंबड्या आत गेल्या, वेळ झाली, झडप खाली आली. आत कोण आहे ते दार मोजत नाही. सकाळी एक कोंबडी कमी आणि आरीच्या पोटात तेवढाच फुगवटा. वन खात्याची माणसं येऊन घेऊन गेली. तेव्हापासून झडप पडल्यावर मी टॉर्च घेऊन एक नजर टाकतेच. मग आपोआप बंद होणाऱ्या दाराचा उपयोग काय, असं विचाराल. घरी असले तर टॉर्च, नसले तर दार, असं आमचं ठरलंय.

दिवसा येणाऱ्या मुंगसासाठी हे दार काही करू शकत नाही, ते तेव्हा उघडंच असतं. त्याच्यासाठी कुत्री आहे. तिला पगार नाही, सेलही लागत नाहीत.

फास लावा, विष घाला, असा सल्ला देणारे इथेही भेटतात. ही सगळी जनावरं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात येतात, ही झाली कायद्याची बाजू. दुसरी बाजू आम्ही सत्तरीकरांनी जानेवारी 2020 मध्ये बघितली. गोळावलीत एक वाघीण आणि तिचे तीन बछडे मेलेले सापडले, आणि प्रकरण गुरं मारल्यावरून विष घालण्याचं निघालं. त्या आठवड्यात आमच्या वाड्यावर कोणी मोठ्यानं बोलत नव्हतं. कोंबडीसाठी मी विषाची पुडी हातात घेणार नाही.

बाकी किरकोळ. सेल सात महिने टिकले, पण दमट हवेत टोकांना हिरवा गंज चढला. पावसाळ्याआधी काढून खरडून पुसा. सेन्सरच्या डबीत तांबड्या मुंग्यांनी घर केलं होतं, आता डबीच्या कडेनं तेलाचं बोट फिरवते. आवाज बारीक घरघरीचा आहे, कोंबड्या चौथ्या दिवशी सरावल्या.

दाराला माझ्याकडून साडेतीन. आधी वेल्डमेश, मग पैसे उरले तर दार. मी उलटं केलं आणि दोन कोंबड्या गमावल्या. कोणी परदेशाहून आणून देत असेल तर घ्या, नाहीतर साधी फळी, आडणा आणि फोनमधला गजर यांवरही भागतं, अट एवढीच की संध्याकाळी घरी असलं पाहिजे.

झडपेच्या खालची रबरी पट्टी जूनमध्ये फाटली. कंपनीला भाच्यानं दोन मेल केले, उत्तर नाही. पंक्चरवाल्याकडून जुन्या ट्यूबची पट्टी कापून आणली आणि खिळ्यांऐवजी स्क्रूनं बसवली. मूळच्या पट्टीपेक्षा जाड आहे, त्यामुळे झडप शेवटच्या बोटभर अंतरावर जरा अडखळते, पण बसते.