‘द वुमन इन व्हाइट’ कानांनी: पत्र्यावरचा पाऊस आणि सव्वीस तास

विल्की कॉलिन्सची ही रहस्यकादंबरी लिब्रिवॉक्स या बोलत्या पुस्तकांच्या संकेतस्थळावर फुकट ऐकायला मिळते. गोव्याच्या पावसाळ्यात ऐकायला याहून चपखल पुस्तक सापडणं कठीण. पण फाइल उतरवली आणि कानात घातली, एवढ्यावर भागत नाही. या जातीच्या कादंबरीत भीती शब्दांपेक्षा शब्दांमधल्या थांब्यांत जास्त असते, आणि फोनमधलं ॲप, बसचं इंजिन आणि पत्र्यावरचा पाऊस हे तिघे मिळून नेमके तेच थांबे खातात. म्हणून हे परीक्षण जितकं पुस्तकाचं, तितकंच ते ऐकण्याच्या तयारीचं आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट असू द्या. पडीक दालनांचा वाडा, साचलेल्या पाण्याचं तळं, मध्यरात्री रस्त्यावर उभी पांढऱ्या कपड्यांतली बाई, असं सगळं सामान भुताचं आहे. भूत मात्र नाही. देवचाराची वाट बघत बसणारा श्रोता हिरमुसेल. इथे घाबरवतात ती माणसं, आणि माणसांहून जास्त कागद: लग्नाआधीचा करार, घडी घालून पुढे केलेला दस्त, दाखले, वेड्यांच्या इस्पितळाची नोंद.

हा कागदांचा भाग पुष्कळांना रटाळ वाटतो. गोव्यातल्या श्रोत्याला तो वाटू नये. आपल्याकडे पोर्तुगीज नागरी कायद्याच्या परंपरेने लग्नानंतर मालमत्तेत बायकोचा अर्धा हिस्सा धरला जातो आणि तिच्या सहीशिवाय नवऱ्याला भाट, म्हणजे बागायत, विकता येत नाही. कॉलिन्सच्या इंग्लंडात १८७० च्या आधी नेमकं उलट होतं. वेगळा करार नसेल, तर बायकोचा पैसा लग्नाबरोबर नवऱ्याचा होई. त्यामुळे वकील गिलमोर नायिका लॉराच्या २०,००० पौंडांवरून इतका हट्टाला का पेटतो, हे समजून घेताना आपला कायदा डोक्यातून बाजूला ठेवावा लागतो. पुढे लॉराचा नवरा सर पर्सिव्हल दस्ताची घडी न उलगडता तिच्याकडे सही मागतो, तो प्रसंग मात्र नोटरीच्या टेबलासमोर उभं राहिलेल्या कोणालाही समजावून सांगावा लागणार नाही.

आता ध्वनिमुद्रण. लिब्रिवॉक्स २००५ पासून चालू आहे. स्वामित्वहक्क संपलेली पुस्तकं स्वयंसेवक वाचतात, पैसे कोणी घेत नाही. तिथे पुस्तकं तीन प्रकारे वाचली जातात: एकट्याने सगळं वाचलेलं, अनेकांनी प्रकरणं वाटून घेतलेलं, आणि पात्रांनुसार आवाज वाटलेलं नाट्यवाचन. फसगत होते ती दुसऱ्या प्रकारात. ही कादंबरी कोर्टातल्या साक्षींसारखी रचलेली आहे. चित्रकला शिक्षक हार्टराइट, वकील, लॉराची सावत्र बहीण मॅरियनची रोजनिशी, वाड्याची व्यवस्था पाहणारी बाई, स्वयंपाकीण, असे एकेक जण आपापलं सांगतात. अनेक आवाज म्हणजे तिला सोन्याहून पिवळं, असं वाटतं. पण वाटून घेतलेल्या वाचनात वाटली जातात ती प्रकरणं. पात्रं वाटली जात नाहीत. हार्टराइट एका फाइलीत पुरुष, पुढच्यात बाई, तिसरीत अमेरिकी. साक्षीदार तोच आणि आवाज तीन, म्हणजे कादंबरीची मूळ कल्पनाच उलटी होते. पहिल्यांदा ऐकणाऱ्याने एकट्या वाचकाची आवृत्तीच शोधावी. विकत मिळणाऱ्या बहुआवाजी आवृत्तीतही, आवाज साक्षीदारागणिक बदलतो की प्रकरणागणिक, हे नमुना ऐकून बघावं आणि मगच पैसे टाकावेत.

वाचक पारखायला तीन जागा पुरेशा आहेत.

पहिली, हॅम्पस्टेडहून लंडनकडे जाणारा चांदण्यातला रस्ता. मागून खांद्यावर हलकेच हात पडतो. चांगला वाचक त्या वाक्याआधी घाई करत नाही, आणि आवाज चढवत तर मुळीच नाही. ज्याने इथे दशावतारातल्या संकासुराची एंट्री केली, त्याच्याबरोबर सव्वीस तास काढू नयेत. दुसरी जागा लॉराचा काका फ्रेडरिक फेअर्ली याची. या गृहस्थाला इतरांचं मोठ्याने बोलणं सहन होत नाही, खुर्ची सरकलेली खपत नाही. हे पात्र कागदापेक्षा कानात दुप्पट खुलतं आणि वाचकाला विनोद कळतो की नाही, ते तिथेच कळून येतं.

तिसरी जागा काउंट फॉस्को. जाडजूड इटालियन सरदार, पांढरे उंदीर आणि कॅनरी पाळणारा, आवाज न करता चालणारा. बरेच वाचक त्याला नाटकी इटालियन हेल लावतात. ते चूक आहे, आणि ती चूक पुस्तकातच पकडता येते: मॅरियन लिहिते की याच्या बोलण्यावरून हा परदेशी आहे, हे कधीकधी ओळखताच येत नाही. मोडकंतोडकं, गमतीदार इंग्रजी बोलतो तो सुरुवातीला भेटणारा हार्टराइटचा इटालियन मित्र पेस्का. दोघांना एकच हेल लावला की फॉस्को विदूषक होतो, आणि तो विदूषक झाला की कादंबरी संपली. फॉस्को मऊ हवा, लोण्यासारखा. धमकी देतानासुद्धा.

या सगळ्यात कानांसाठीच लिहिलाय असं वाटणारा प्रसंग मधल्या भागात येतो. सर पर्सिव्हलच्या ब्लॅकवॉटर पार्क या वाड्यात, रात्री, मॅरियन पडवीच्या छपरावर उतरते. खाली ग्रंथालयाच्या खिडकीशी दोघे पुरुष बोलत बसलेत. रेशमी घोळदार कपडे सळसळतील म्हणून ते उतरवून तिने साधे गडद कपडे आणि काळा झगा चढवलाय. छपरावर फुलझाडांच्या कुंड्या आहेत, एखादी पायाने ढकलली गेली की संपलं. शेजारच्या खिडकीत दिवा आहे. आणि पाऊस सुरू होतो. ती ऐकतेय, आपण तिचं ऐकणं ऐकतोय, आणि आपल्या डोक्यावर मंगलोरी कौलं वाजताहेत. छापील पानावर हा प्रसंग उत्तम आहे. जुलैतल्या रात्री, चिऱ्याच्या घरात, बल्कांवाचा, म्हणजे ओसरीचा, दिवा मालवून ऐकताना तो अंगावर येतो. इथे वाचकाने पावसाचे आवाज घातलेले नसतात, ते बरंच आहे. आकाशवाणीच्या श्रुतिकांवर वाढलेल्या कानाला सुरुवातीला हे कोरडं वाटेल, पण पार्श्वसंगीत असतं तर खऱ्या पावसाशी त्याची मारामारी झाली असती.

त्याच रोजनिशीत पुढे एके ठिकाणी लेखणी दुसऱ्याच्या हातात जाते. कोणाच्या, ते इथे नको. छापील पुस्तकात तिथे डोळ्याला मथळा दिसतो. एकट्या वाचकाला हा बदल फक्त आवाजातून दाखवावा लागतो. ज्याला जमतं तो तिथे क्षणभर थांबतो आणि एकदम प्रसन्न होतो. ती प्रसन्नताच भयंकर आहे.

आता थांबे जपायचे कसे. ॲपमध्ये ‘स्किप सायलेन्स’ किंवा ‘ट्रिम सायलेन्स’ नावाची सोय असते. ती आधी बंद करा. बातम्यांच्या पॉडकास्टला ती ठीक. इथे ती खांद्यावरचा हात पडण्याआधीची शांतता कापून टाकते. वेग १ वर ठेवा. गिलमोरच्या हिशेबी भागाला १.१५ चालतो. १.५ ला ॲप आवाजाचे बारीक तुकडे गाळून उरलेले जोडतं, त्यात ‘स’ आणि ‘श’ चरचरतात, आणि आधीच खरखरीत असलेलं घरगुती ध्वनिमुद्रण पत्र्याचं वाटायला लागतं. वेळ वाचतो खरा, सव्वीसचे सुमारे सव्वासतरा तास होतात, पण घाई असेल त्याने गोषवारा वाचावा.

पावसाचं गणित वेगळं आहे. पत्र्यावरचा पाऊस जवळजवळ सगळ्या कंप्रतांवर पसरलेला असतो आणि तो सर्वात आधी ‘स’, ‘फ’, ‘थ’ यांसारखे हवेचे वर्ण गिळतो. इंग्रजीत तेच जास्त, म्हणून वाक्य ऐकू येतं पण शब्द लागत नाही. आवाज रद्द करणारे महागडे हेडफोन इथे अर्धेच कामाला येतात. त्यांचं यंत्र सलग, खालच्या पट्टीच्या घरघरीवर उत्तम चालतं, म्हणजे कदंबच्या बसमध्ये किंवा रायबंदर–चोडण फेरीबोटीच्या इंजिनाजवळ. पावसाच्या वरच्या पट्टीला अडवते ती कानात घट्ट बसलेली सिलिकॉनची टोपी. डब्यात तीन मापांच्या टोप्या येतात आणि बहुतेक लोक पहिल्या दिवशी लागलेलीच आयुष्यभर वापरतात. तिन्ही लावून बघा. आपलंच बोलणं डोक्यात घुमल्यासारखं ऐकू आलं की माप बरोबर. इक्वलायझर, म्हणजे आवाजाच्या पट्ट्या कमीजास्त करायची सोय, असेल तर १०० हर्ट्झच्या खालचं उतरवा, त्याने वाचकाच्या खोलीतली पंख्याची गुणगुण जाते, आणि २ ते ४ किलोहर्ट्झ थोडंसं चढवा, त्याने व्यंजनं वर येतात. पावसावर मात करायला नुसता आवाज वाढवत नेणं हा सगळ्यात वाईट उपाय. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास अशी आहे, आणि आवाज चढला की ते तास भराभर घटतात.

दुचाकीवर हे पुस्तक नको, कुठलंच नको.

फाइली आधीच उतरवून ठेवाव्यात. जोराचा पाऊस आला की वीज जाते, विजेबरोबर राउटर जातो, आणि सत्तरी-सांग्याच्या आतल्या भागात मोबाइलचा भरवसा कोरड्या दिवसांतही नसतो. कादंबरी साधारण अडीच लाख शब्दांची आहे. तासाला सव्वानऊ ते दहा हजार शब्द धरले तर पंचवीस-सत्तावीस तास भरतात, वाचकागणिक थोडं इकडेतिकडे. ६४ केबीपीएसच्या (सेकंदाला किती माहिती साठवली, त्याचं हे माप) एमपी-थ्रीला तासाला सुमारे २९ एमबी लागतात, म्हणजे सगळं मिळून पाऊण जीबी. १२८ ला दुप्पट. एका माणसाच्या बोलण्याला ६४ पुरतं. एम-फोर-बी प्रकारची फाइल मिळाली तर ती घ्यावी, त्यात प्रकरणांच्या खुणा असतात. संगीतासाठीच्या प्लेअरमध्ये एमपी-थ्री चालवल्या की दोन घोळ होतात: बंद केल्यावर जागा विसरली जाते, आणि चुकून ‘शफल’ चालू राहिलं की चौथ्या प्रकरणानंतर चाळिसावं सुरू होतं. रहस्यकथेत याहून मोठा अपघात नाही.

लिब्रिवॉक्सची एक खोड सहन करावी लागते. प्रत्येक फाइलीच्या सुरुवातीला हे मुद्रण लिब्रिवॉक्सचं आहे, सार्वजनिक मालकीचं आहे, अशी घोषणा असते. मॅरियन छपरावर, आणि मध्येच ही पाटी. पुढे ढकलायचं बटण सहसा कारखान्यातून ३० सेकंदांवर आलेलं असतं, ते दाबलं की घोषणेबरोबर प्रकरणाचं पहिलं वाक्यही जातं. ते १० वर आणा आणि दोनदा दाबा. मागे जायचं बटणही १० वरच बरं. आवाजाची पातळी एकसारखी ठेवायची सूचना स्वयंसेवकांना असते, तरी वाटून वाचलेल्या आवृत्तीत प्रत्येकाची खोली आणि माइक वेगळा, त्यामुळे कानाला चढउतार जाणवतोच.

भाषा १८६० ची आहे, वाक्यं लांब. मराठी माध्यमातून शिकलेल्यांनी पहिले दोन तास प्रोजेक्ट गुटेनबर्ग या संकेतस्थळावरचा फुकट मजकूर समोर उघडून ऐकावेत. नावं एकदा डोळ्यांनी पाहिली की पुढे ती कानाला अडत नाहीत. शिवाय जवळ एक कागद असावा. साक्षी कोण कोणत्या तारखेच्या देतं, ते टिपत जा. कारण या कोड्याची किल्ली एका तारखेत आहे, आणि कानावरून तारीख जितकी सहज घरंगळते तितकं काहीच नाही.

किती ऐकावं एका बैठकीत? कादंबरी मुळात २६ नोव्हेंबर १८५९ पासून ऑगस्ट १८६० पर्यंत डिकन्सच्या साप्ताहिकात हप्त्यांनी आली, म्हणून दर थोड्या वेळाने उत्कंठेचा एक गळ अडकवलेला सापडतो. जून ते सप्टेंबर धरले तर रोजची तेरा मिनिटं होतात. तेवढं कमीच पडेल. चाळीस मिनिटांच्या पुढे मात्र फॉस्कोचं बोलणंसुद्धा नुसता सूर होऊन राहतं.

झोपताना ऐकणाऱ्यांनी स्लीप टायमर १५ मिनिटांवर ठेवावा, आणि एक भाग तरी जागेपणी ऐकावा. दुसऱ्या पर्वाच्या अखेरीस अगदी छोट्या साक्षी एकामागून एक येतात: लिहिता-वाचता न येणारी स्वयंपाकीण, डॉक्टरचा दाखला, आणि थडग्यावरचा मजकूर. शेवटची साक्ष काही ओळींचीच. एक डुलकी लागली तरी ती हातची जाते, आणि पुढचे आठ-नऊ तास कोण जिवंत आहे याचाच पत्ता लागत नाही.